तेलाचा मान

एकदा कोकणातल्या एका लहानशा बंदरावर एक वृद्ध गुरू आणि त्याचा शिष्य काम करत होते. 'गुरू' म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे शुभ्र दाढी, भगवी छाटी आणि वडाचा पार उभा राहिला असेल, तर ते सगळं कृपा करून बाजूला ठेवा. या गुरूच्या अंगात ग्रीसने काळा पडलेला गंजीफ्रॉक असे. त्याचा आश्रम म्हणजे धक्क्याजवळची पत्र्याची शेड. आणि उपदेशाची भाषा अशी, की सज्जनांनी कानांवर हात ठेवावेत. उमेदीची वर्षं मोठ्या जहाजांवर काढून तो गावी परतला होता. लोक त्याला बाबी मिस्त्री म्हणत. मी मात्र त्याला गुरूच म्हणणार. ज्ञान कुठे बसून द्यावं याचा नियम अजून कोणी केलेला नाही, आणि केलाच तर तो मी पाळणार नाही.

शिष्याचं नाव मुरारी. हा काही पोरसवदा नव्हता; चांगला मिशीवाला, लग्नाला आलेला माणूस. इंजिन उघडून पुन्हा जोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वभावाने मात्र लोण्याचा गोळा. कोणी चार शब्द गोड बोललं की याचं डोकं चालायचं थांबे. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरल्या बहिणीने, द्वारकाआक्काने, त्याला वाढवलं. त्या आक्काचा नवरा, जनार्दन तांडेल, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी हाकून आता कुठे स्वतःची बोट बांधून उभा राहिला होता. तिचं सुकाणू बसवायचं काम त्याने मेव्हण्याला दिलं.

आता इथे थोडं थांबून हे सुकाणू समजून घ्यायला हवं. कंटाळू नका, सोपं आहे. त्या बंदरातल्या बाकीच्या बोटींना साखळीचं सुकाणू होतं. तांडेलाने चक्र फिरवलं की साखळी ओढली जायची आणि मागचं सुकाणू वळायचं. जनार्दनच्या बोटीला हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं, आणि ते त्या बंदरातलं पहिलंच. त्यात साखळी नाही, दोर नाही. चक्र फिरवलं की त्याच्यामागचा छोटासा पंप तेल ढकलतो, ते तेल नळीतून बोटीच्या मागच्या टोकाला जातं आणि सुकाणू वळवतं. म्हणजे तांडेलाचा हात आणि सुकाणू यांच्यामध्ये फक्त तेल. बाकी काही नाही.

आणि त्या बंदरातून बाहेर पडायची वाट म्हणजे खाडीचं तोंड. दोन्ही बाजूंना काळे खडक, मधून अरुंद पाणी, आणि नेमकं तिथेच बोट वळवावी लागते. तिथे चक्र फिरलं आणि सुकाणू जरासं उशिरा वळलं, तर पुढचं मी सांगायला नको.

काम सुरू झालं तेव्हा मुरारीने गुरूला विचारलं होतं, "बाबीकाका, सगळ्यात चांगलं तेल कुठलं? भावोजींच्या बोटीत मला हलकंसलकं काही घालायचं नाही."

"सगळ्यात चांगलं असं तेल नसतं," मिस्त्री विडी पेटवत म्हणाला. "सगळ्यात चांगलं जेवण कुठलं, सांग बघू! तापात निपचित पडलेल्याला तू वडे-सागोती वाढशील?"

"मग?"

"मग काय! ज्याने हा पंप बनवला त्याने सोबत पुस्तक दिलंय. ते उघड. तो सांगेल तेच तेल, तेवढंच पातळ. जाड तेल म्हणजे भारी तेल, ही तुम्हा लोकांची खुळी समजूत. जाड तेलात हवेचा बुडबुडा अडकला की तिथेच मुक्काम करतो. आणि तेल दाबलं तर दाबलं जात नाही, हवा जाते दबून. तुझे भावोजी चक्र फिरवतील आणि नळीत नुसतीच हवा दबेल. सुकाणू बसेल ढिम्म."

मुरारीने ऐकलं. पुस्तकात सांगितलेलं पातळ, स्वच्छ तेल त्याने शहरातून मागवलं, टाकी भरली, चक्र इकडून तिकडे फिरवत नळीतला शेवटचा बुडबुडा बाहेर काढला. एका बोटाने फिरवावं असं चक्र झालं. जनार्दनने ते फिरवून पाहिलं आणि मेव्हण्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कळवळला. म्हणजे ज्ञान होतं, काम चोख होतं, सगळं होतं. चूक झाली ती त्यानंतर.

त्या बंदरावर एक रीत होती. नवी बोट पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी शेजारच्या प्रत्येक बोटीवरून एक वाटी तेल यायचं. त्याला 'तेलाचा मान' म्हणत. आणणारा ते तेल स्वतःच्या हाताने नव्या बोटीच्या सुकाणूच्या साखळीवर घालायचा आणि म्हणायचा, "आमचं तेल तुमच्या सुकाणूला, तुमची बोट आमच्या नजरेत." अर्थ असा की समुद्रात तुम्ही अडलात तर आम्ही पाहत असू, दोर टाकू, ओढून आणू. ही नुसती शोभेची रीत नव्हती हो. ज्याचा मान नाकारला त्याच्याकडे भर समुद्रात कुठल्या तोंडाने मदत मागणार? साखळीला कुठलंही तेल चालायचं, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या रीत सुखाने चालली.

जनार्दनच्या बोटीपाशी मंडळी वाट्या घेऊन जमली आणि बघतात तो काय, साखळीच नाही!

"मग मान घालायचा कुठे?" इस्माईल नाखव्याने विचारलं. हा बंदरातला वडीलधारा, शब्दाला वजन असलेला माणूस. नव्या बोटीसाठी म्हणून त्याने आपल्या इंजिनातलं नव्हे, तर डब्यातलं कोरं, महागडं इंजिन ऑइल आणलं होतं.

कोणीतरी म्हणालं, "अरे, या सुकाणूत तर तेलच आहे. टाकीतच घाला की!"

सगळ्यांना ते इतकं पटलं की काय सांगू. साखळीवर वरवर घालण्यापेक्षा हे तर थेट सुकाणूच्या पोटात! मुरारीला मात्र गुरूने उघडायला लावलेलं पुस्तक आठवलं. त्याने जनार्दनकडे पाहिलं. जनार्दन हात जोडून, डोळे भरून उभा होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींना मान घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बोटीला आज मान मिळत होता. मुरारीने गुरूकडे पाहिलं. गुरू धक्क्यावर बसून विडी ओढत होता.

'एकेका वाटीने काय होणार आहे? तेलात तेलच तर जातंय,' मुरारीने मनाला समजावलं. त्याने टाकीतलं थोडं तेल काढून जागा केली आणि झाकण उघडून हसतमुखाने बाजूला उभा राहिला.

नाखव्याने इंजिन ऑइल ओतलं. काशीरामकडे मासळी वाहायचा टेम्पो होता. त्याने ब्रेक ऑइल आणलं होतं. का, तर ज्याच्यावर टेम्पो घाटात थांबतो ते तेल भरवशाचं! कोणी जाळं ओढायच्या यंत्राचं जाड तेल आणलं. आणि शेवटी काशीरामची म्हातारी आई, गोपिकाबाई, घरच्या खोबऱ्याचं तेल घेऊन काठी टेकत आली. "पोरा, हे शुद्ध आहे हो, भेसळ नाही," असं म्हणून तिने वाटी उपडी केली आणि बोटाने पुसूनही घातली. मुरारी वाकून तिच्या पाया पडला.

मंडळी पांगली. मुरारीने चक्र फिरवून पाहिलं. फिरलं. पण मघाचं एका बोटाने फिरणारं चक्र आता हाताला चिकट लागत होतं, आणि मध्येच कुठेतरी पोकळ वाटत होतं. त्याने टाकीत डोकावून पाहिलं तर वर फेस.

"चालेल ना, काका?" त्याने विचारलं.

मिस्त्री उठला. शेडमध्ये गेला, स्टिअरिंगच्या तेलाचा उरलेला डबा आणि एक वाटी घेऊन बाहेर आला. "चल माझ्याबरोबर," म्हणाला.

तो सरळ इस्माईल नाखव्याच्या बोटीवर चढला. सलाम केला, इंजिनापाशी उकिडवा बसला आणि इंजिन ऑइलचं झाकण फिरवू लागला.

"मिस्त्री, काय चाललंय?" नाखवा धावत आला.

"मानाची परतफेड. तुम्ही आमच्या सुकाणूत घातलंत, आम्ही तुमच्या इंजिनात घालतो." आणि त्याने वाटी तिरकी केली सुद्धा.

नाखव्याने झडप घालून त्याचं मनगटच धरलं. "अहो, वेड लागलं का? ते पाण्यासारखं पातळ तेल माझ्या इंजिनात? बेअरिंग जळून जाईल! भर समुद्रात इंजिन जाम झालं तर मी काय वल्ही मारत येऊ?"

"शुद्ध तेल आहे. शहरातून मागवलंय."

"असेल हो शुद्ध! पण इंजिनाला इंजिनाचंच लागतं ना!"

"असं म्हणता?" मिस्त्री साळसूदपणे म्हणाला. झाकण लावलं, हात जोडले आणि खाली उतरला. नाखवा त्याच्याकडे पाहत राहिला.

मुरारीला ब्रह्मांड आठवलं. ज्यांना दुखवायला नको म्हणून त्याने ओठ शिवून घेतले होते, त्यांच्याच दारात हा म्हातारा तमाशे करत हिंडत होता! "काका, पाया पडतो तुमच्या, परत चला," तो विनवू लागला. म्हातारा कसला ऐकतोय! तो काशीरामच्या टेम्पोपाशी पोचला आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीचं बूच काढू लागला. काशीराम जेवणावरून उठून उष्ट्या हातानेच धावला. "मारतोस काय रे म्हाताऱ्या मला! रबर फुगेल आतलं! घाटात ब्रेक लागले नाहीत तर माझी पोरं तू सांभाळणार?"

"चांगलं तेल आहे रे."

"चांगलं असूदे नाहीतर सोन्याचं असूदे, ब्रेकमध्ये दुसरं तेल थेंबभर चालत नाही!"

"थेंबभर पण नाही?" मिस्त्रीने तोंडाचा आ केला. "बघ बुवा मुरारी, थेंबभर पण नाही म्हणतो."

तेवढ्यात गोपिकाबाई ओटीवर आली. मिस्त्री तिच्याजवळ गेला, मोठ्या आदराने म्हणाला, "काकी, डोकं पुढे करा. तुमच्या मानाची परतफेड. टाळूवर घालतो." त्या सुकाणूच्या तेलाचा वास नाकाशी येताच म्हातारीने काठी उगारली. "मेल्या, माझ्या डोक्याला हे इंजिनाचं घालतोस? उरलेत ते चार केसही झडतील! तुझा वास घेऊन जा तिकडे!"

काशीराम हसायला लागला. हसता हसता मध्येच थांबला. त्याने एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा लांब उभ्या असलेल्या जनार्दनच्या बोटीकडे पाहिलं आणि उष्टा हात तसाच धरून म्हणाला, "मिस्त्री... मी सकाळी तिथे ब्रेक ऑइल ओतलं हो."

"ओतलंस खरं," मिस्त्री म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली थट्टा गेली.

गुरुशिष्य बोटीवर परतले. मिस्त्रीने खालचा नट उघडला, आणि ते सगळं प्रेमाचं, फेसाळलेलं तेल बादलीत उतरू लागलं. मुरारीला ते बघवेना. तो तिथेच मटकन बसला आणि म्हणाला, "सकाळीच थांबवायचं होतंत ना काका! तोंड शिवलं होतं तुमचं?"

"मी थांबवलं असतं तर ते थांबले असते, आणि घरी जाऊन म्हणाले असते, म्हातारा माजलाय. आता ते स्वतःच्या तोंडाने बोलले." मिस्त्रीने बादली सरळ केली. "आणि खरं सांगू? मी तुझी वाट बघत होतो. काम तुझं, बोट तुझ्या बहिणीची. तू थांबवतोस का ते बघत होतो."

मुरारीने मान खाली घातली.

"हे बघ," गुरू त्याच्याजवळ बसला. आता तो हळू बोलत होता. "लोकांचं मन मोडू नये असं तुला वाटलं, ते चूक नाही. उद्या समुद्रात दोर टाकायला हेच लोक येणार आहेत. पण नळीला मन कळत नाही रे. तिला पातळपणा कळतो आणि आतल्या रबराला काय सोसतं ते कळतं. देणाऱ्याचा हात किती प्रेमाचा, यावरून तेल निवडायचं नसतं. ते जिथे जाऊन राहणार, तिथल्याला सोसेल का, यावरून निवडायचं. आणि तिथे जो सगळ्यात नाजूक, त्याला आधी विचारायचं. पंप लोखंडाचा, तो काहीही गिळेल. तेल अडवणारं रबराचं सील बिचारं मुकं. आज फुगेल, उद्या मऊ पडेल, एक अक्षर बोलणार नाही. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी तुझे भावोजी खडकांच्या मध्ये असतील."

मुरारी उठला, पंप उघडला, सगळी सील काढून टाकली. नळ्या धुतल्या, नवी सील बसवली, नवं तेल भरलं आणि बुडबुडे काढत बसला. मध्येच नाखवा आला, काशीराम आला. बादलीतलं तेल त्यांनीच उचलून नेलं आणि नांगराच्या साखळीला, धक्क्यावरच्या कप्पीला, जिथे कुठलंही तेल चालतं तिथे चोळून टाकलं. जाताना नाखवा बोटीपाशी उभ्या जनार्दनला एवढंच म्हणाला, "जनार्दन, बोट आमच्या नजरेत आहे." जनार्दनचा जीव भांड्यात पडला.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. मलाही तसं वाटलं असतं. पण शहाणपण कळणं वेगळं आणि ते आपल्या माणसापुढे वापरणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती चढत होती. बोट पाण्यावर डुलत होती, खलाशी चढले होते. मुरारी टाकीतल्या तेलाची पातळी शेवटची पाहत होता. झाकण उघडं होतं. एवढ्यात द्वारकाआक्का आली. नवी साडी, कपाळभर कुंकू आणि हातात पितळेची वाटी. रात्रभर देवापुढे जळलेल्या समईतलं तेल तिने आणलं होतं. कालचा प्रकार तिच्या कानावर गेला नव्हता असं नाही. सगळ्या बंदराने चघळला होता. पण लोकांचं तेल ते लोकांचं, आणि देवाचं तेल ते देवाचं, असा तिचा साधा हिशेब. ती थेट टाकीशी आली आणि वाटी पुढे केली.

मुरारीने टाकीच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवला.

"आक्का, नको."

"देवाचं आहे रे. चार थेंब."

"चार थेंबसुद्धा नको."

आक्काचा चेहरा उतरला. चारचौघांत, नवऱ्याच्या देखत, खलाशांच्या देखत! "तुला मी अंगाखांद्यावर वाढवला मुरारी. आणि तू मला अडवतोस? मलासुद्धा?"

मुरारीचे डोळे भरून आले. काल आख्ख्या बंदराला नाही म्हणणं परवडलं असतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. पण हात त्याने हलवला नाही. "तुलासुद्धा गो," तो म्हणाला. "याच्या आत जे बसलंय त्याला हे सोसत नाही. भावोजी मला परत हवेत. तुझ्यासाठीच हवेत."

जनार्दन पुढे येऊ लागला, तसा मिस्त्रीने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. आक्का वाटी धरून तशीच उभी. "मग हे घेऊन मी जाऊ कुठे?" ती म्हणाली. रागाने नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं.

मुरारीने झाकण घट्ट फिरवून बसवलं. मग दोन्ही तळहात बहिणीपुढे धरले. सुकाणूचं काम केलेले हात. रॉकेलने धुऊन धुऊन भेगाळलेले, नखांच्या मुळाशी काळे पडलेले.

"इथे घाल," तो म्हणाला. "यांना सोसेल."

आक्काने ते हात पाहिले. किती दिवसांनी पाहिले असतील कोण जाणे. तिने वाटी त्याच्या तळहातांवर रिकामी केली, खाली बसली आणि लहानपणी माखायची तशी एकेका भेगेत बोट घालून तेल जिरवू लागली. दोघंही रडत होती. खलाशी उगाचच समुद्राकडे बघत होते.

प्रेमाने आणलेली प्रत्येक वाटी ओतायची नसते, वाचकहो. पण आणणाऱ्याला तशीच परतही पाठवायची नसते.

"झालं का रडून?" मिस्त्री ओरडला. "भरती काय तुमच्या घरची आहे? उतरा खाली!" आणि मुरारीकडे वळून म्हणाला, "ते हात घेऊन टाकीजवळ जाशील तर तंगडं मोडीन."

बोट सुटली. भाऊबहीण धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. आक्काने मुरारीचं तेलकट मनगट घट्ट धरलं होतं. बोट खडकांजवळ पोचली. मागून लाट आली, बोटीचं तोंड डावीकडच्या काळ्या खडकाकडे गेलं. आक्काची नखं मुरारीच्या मनगटात रुतली. चक्रावर उभा असलेला जनार्दन दिसत होता. त्याचे हात फिरले.

बोट त्याच क्षणी वळली.